गच्चीवरच्या बागेला आपोआप पाणी: आधी नळकाम, मग वायरिंग, मोबाईल सगळ्यात शेवटी

दर उन्हाळ्यात ओळखीच्यांपैकी कुणाचा ना कुणाचा फोन येतो. स्मार्ट स्विच आणला, व्हॉल्व्ह आणला, ॲपमध्ये वेळही लावली. सकाळी सहाला व्हॉल्व्हचा ‘टक्’ आवाज येतो आणि ड्रिपरमधून (कुंडीत थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोटीतून) टिपूस पडत नाही. किंवा उलटं होतं: ॲप ‘बंद’ दाखवतं आणि कुंड्यांखालून ओघळ चालूच. दोन्ही वेळा माणूस मोबाईलमध्ये सेटिंग शोधत बसतो, आणि दोष निघतो नळात.

गडबड होते ती क्रमात. ॲप हे सगळ्यात सोपं आणि गमतीचं काम, त्यामुळे तेच आधी उरकलं जातं. हा लेख नेमक्या उलट्या क्रमाने जातो. उदाहरण पुण्यातल्या माझ्याच गच्चीचं आहे: छत्तीस कुंड्या, स्टँडवरची हजार लिटरची टाकी, पंप नाही, आणि घरात होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आधीपासून चालू. तुमच्याकडे दुसरी कुठली यंत्रणा असली तरी पहिले पाच टप्पे तेच राहतात.

टप्पा १: पाण्याचा हिशेब

एक कागद घ्या आणि गच्चीवर जा. तीन गोष्टी लिहायच्या.

पहिली, उंची. टाकीतल्या पाण्याची पातळी कुंडीतल्या ड्रिपरपेक्षा किती वर आहे ते टेपने मोजा. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. माझ्याकडे टाकी भरलेली असताना ही उंची अडीच मीटर असते, तळाला गेल्यावर दीड. सरासरी दोन मीटर धरली तर दाब ०.२ किलो. ‘टाकी गच्चीवर आहे, म्हणजे प्रेशर भरपूर’ हा गैरसमज इथेच संपवा. तळमजल्याच्या नळाला भरपूर असतं, गच्चीवरच्या कुंडीला नाही.

दुसरी, कुंडीची गरज. एक लिटरचा मग घेऊन बारा इंची कुंडीत सावकाश पाणी घाला. खालच्या भोकातून पाणी झिरपायला लागलं की थांबा. मगमधून किती गेलं तो आकडा लिहा. वेगवेगळ्या आकाराच्या चार-पाच कुंड्यांवर करा. एप्रिलमध्ये माझ्या बारा इंची कुंडीला सुमारे एक लिटर लागतं, मोठ्या ड्रममधल्या लिंबाला त्याच्या दुप्पट. तुमची माती वेगळी, कोकोपीटचं प्रमाण वेगळं, त्यामुळे माझा आकडा उचलू नका.

तिसरी, ड्रिपरची खरी धार. पाकिटावर ‘ताशी ४ लिटर’ लिहिलेलं असतं ते एक किलो दाबाला. ०.२ किलोवर तोच साधा ड्रिपर ताशी १.८ लिटरच्या आसपास देतो. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी धार सारखी ठेवणारे) तर इतक्या कमी दाबाला धड चालतच नाहीत. ते शेतातल्या लांब लॅटरलसाठी (ड्रिपर लावायच्या नळीसाठी) उत्तम आहेत, पंपाशिवायच्या गच्चीसाठी नाहीत. दुकानदार ‘भारीतले घ्या’ म्हणून तेच पुढे करतो. तुम्ही साधे मागा.

आता हिशेब. एका लाइनवरच्या सगळ्या कुंड्यांना वेळ एकच मिळणार, म्हणून कमी-जास्त करायची ती ड्रिपरची संख्या. चोवीस लहान कुंड्यांना एकेक आणि बारा मोठ्यांना दोन-दोन, असे अठ्ठेचाळीस ड्रिपर. अठ्ठेचाळीस गुणिले १.८, म्हणजे ताशी ८६ लिटर. एका ड्रिपरमधून एक लिटर पडायला तेहतीस मिनिटं. दिवसाला एकूण अठ्ठेचाळीस लिटर.

ॲडेनियम, निवडुंग, कोरफड या लाइनवर घेऊच नका. त्यांना आठवड्यातून एकदा हाताने पाणी घातलेलं बरं.

> तपासा: ताशी लिटरचा हा आकडा कागदावर असल्याशिवाय बाजारात जाऊ नका. पुढची प्रत्येक खरेदी त्यावर ठरते.

टप्पा २: व्हॉल्व्ह निवडणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून वाचा.

बाजारात सहज मिळतो तो वॉशिंग मशीनच्या जातीचा प्लास्टिकचा सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारा) व्हॉल्व्ह, १२ व्होल्टचा, अर्धा इंची. त्याच्या आत रबरी पडदा असतो. कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते, पडदा उचलायचं आणि परत दाबून बसवायचं काम पाण्याच्या दाबाने होतं. दाबच नसेल तर ‘टक्’ होतं आणि पडदा जागचा हलत नाही. अंगावर किंवा माहितीपत्रकावर ‘०.०२ ते ०.८ एमपीए’ असं लिहिलेलं सापडेल. ०.०२ एमपीए म्हणजे दोन मीटर उंचीचा दाब. माझ्या गच्चीवर हा अगदी काठावरचा मामला: टाकी भरलेली असताना छान चालतो, अर्ध्याखाली गेली की उघडत नाही किंवा नीट मिटत नाही. रविवारी तपासला तर ठीक, बुधवारी बिघडलेला. माणूस वेडा होतो. बागेसाठी म्हणून मिळणाऱ्या २४ व्होल्ट एसी व्हॉल्व्हना तर याहून पुष्कळ जास्त दाब लागतो. पंप किंवा प्रेशर बूस्टर असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

नुसत्या टाकीच्या दाबावर चालवायचं असेल तर मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह घ्या. आत साधा बॉल असतो आणि छोटी मोटर तो फिरवते, दाबाशी देणंघेणं नाही. उघडायला काही सेकंद घेतो, ते चालतं. मात्र घेताना एक गोष्ट ठासून विचारा: वीज गेल्यावर तो आपोआप बंद होतो का? काही मॉडेल वीज जाईल त्या स्थितीत तशीच राहतात. पाणी चालू असताना लाइट गेली तर व्हॉल्व्ह उघडाच. आपल्याला हवा तो दोन वायरींचा, वीज तोडली की स्वतःच परत बंद होणारा.

बॅटरीवर चालणारे झिग्बी (वाय-फायसारखंच, पण कमी वीज खाणारं वायरलेस तंत्र) व्हॉल्व्हही मिळतात. त्यातले बॉल व्हॉल्व्हवाले चांगले. फक्त तुमच्या घरातला झिग्बीचा सिग्नल स्लॅब ओलांडून वर पोचतो का ते आधी बघा.

> सावधान: छोटा डायफ्राम पंप लावून दाब वाढवायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, टाकी कुंड्यांपेक्षा उंच असताना पंप बंद केला तरी पाणी त्याच्यातून वाहतच राहतं. पंप म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे. पुढे व्हॉल्व्ह लागतोच.

टप्पा ३: नळकाम, याच क्रमाने

टाकीपासून पुढे: हाताने फिरवायची पितळी तोटी, १२० मेशचा (बारीक जाळीचा) फिल्टर, युनियन (खोलता येणारा जोड), मोटराइज्ड व्हॉल्व्ह, युनियन, मग १६ मिलिमीटरची लॅटरल. फिल्टर व्हॉल्व्हच्या आधीच. टाकीतला गाळ बॉलमध्ये अडकला की व्हॉल्व्ह अर्धवट मिटतो. युनियन दोन्ही बाजूंना हवेतच, नाहीतर दोन वर्षांनी व्हॉल्व्ह काढायला करवत आणावी लागेल. प्लंबर ‘कशाला, गरज नाही’ म्हणेल. ऐकू नका. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंदच राहतो, म्हणून वायरिंग होईपर्यंत त्याच्या जागी पाइपचा तुकडा बसवा.

लॅटरल शक्यतो कुंड्यांभोवती गोल फिरवून परत सुरुवातीच्या ‘टी’ला (तीन तोंडांच्या जोडाला) जोडा. दोन्ही बाजूंनी पाणी आल्यामुळे शेवटच्या कुंडीची उपासमार होत नाही. टोक जोडणीत सहज बसत नसेल तर कपभर गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, मऊ होतं. भोकं पंचनेच पाडा. तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक वाकडं होतं आणि ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) गळतो.

दोन मीटरच्या दाबाला अर्ध्या मीटरचा फरकही जाणवतो. स्टँडवर ठेवलेल्या कुंड्या आणि जमिनीवरच्या कुंड्या एकाच रांगेत असल्या तर खालच्यांना जास्त पाणी जातं. जमत असेल तर स्टँडवाल्यांना वेगळी लॅटरल काढा आणि दोन्हींना छोटे कॉक बसवा. छपराखालच्या, पावसातही कोरड्या राहणाऱ्या कुंड्यांनाही असाच वेगळा कॉक द्या. जुलैत उपयोगी पडतो.

ड्रिपर लावण्याआधी लॅटरल एका जागी उघडी ठेवून पाच मिनिटं पाणी सोडा. पंचने पडलेले प्लास्टिकचे तुकडे बाहेर येऊ द्या. हे वगळलं की पहिल्याच आठवड्यात चार ड्रिपर तुंबतात, आणि खापर पाण्यावर फुटतं.

> तपासा: सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात लांबच्या ड्रिपरखाली एकेक बाटली ठेवा, घड्याळ लावून दहा मिनिटं पाणी सोडा. माझ्याकडे साधारण ३०० मिली यायला हवं. एकीत ३०० आणि दुसरीत २०० आलं तर पुढे जाऊ नका. फिल्टर, पिळलेली लॅटरल, उंचीतला फरक, या क्रमाने शोधा.

टप्पा ४: आठवडाभर हाताने चालवा

हा टप्पा कुणीच करत नाही.

मोटराइज्ड व्हॉल्व्हच्या जागी पाइपचा तुकडाच ठेवून सात दिवस पितळी तोटीने पाणी सोडा, मोबाईलचा गजर लावून. हिशेबात तेहतीस मिनिटं आली असली तरी ती सलग देऊ नका. कोकोपीट वाळलं की पाणी कडेने सरळ खाली निसटतं. सतरा मिनिटं, मग अर्धा-पाऊण तास विश्रांती, मग पुन्हा सतरा मिनिटं. पहिल्या फेरीत माती ओलावते, दुसरीत पाणी धरते. वेळ पहाटेची. दुपारी काळ्या लॅटरलमध्ये साठलेलं पाणी इतकं तापतं की बोट लावून धरवत नाही, आणि पहिली धार नेमकी रोपाच्या बुडाशी पडते.

आठव्या दिवशी दोन-चार कुंड्यांत बोट दोन पेरं खुपसून बघा. त्यावरून मिनिटं कमी-जास्त करा. ऑटोमेशनमध्ये जाणार ते हे आकडे, इंटरनेटवरचे नव्हेत.

टप्पा ५: वायरिंग आणि पेटी

नियम एकच: २३० व्होल्ट गच्चीवर उघड्यावर आणायचे नाहीत. १२ व्होल्टचा ॲडॅप्टर जिन्याच्या खोलीत, ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमागच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) सॉकेटवर. तिथून पुढे फक्त १२ व्होल्ट. सर्किटमध्ये आरसीसीबी नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची घ्या. बेलची बारीक वायर वीस मीटर ओढली तर अर्ध्या ॲम्पिअरला पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात आणि व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतो.

कंट्रोलर जिन्याच्या खोलीतच बसत असेल तर उत्तम. बाहेर ठेवायचा झाला तर आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारी) पेटी, वायरी खालून आत, आणि प्रत्येक वायरला पेटीत शिरण्याआधी खाली लोंबणारा झोळ. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळतं ते झोळाच्या तळाशी टपकतं, पेटीत जात नाही.

रिलेवर (कंट्रोलरच्या हुकमावर वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचवर) तीन स्क्रू असतात. वायर ‘कॉमन’ आणि ‘नॉर्मली ओपन’ यांना जोडा. ‘नॉर्मली क्लोज्ड’ला जोडली तर रिले झोपलेला असताना व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि ॲपमध्ये सगळं उलटं दिसतं. सोलेनॉइड वापरत असाल तर कॉइलवर १एन४००७ डायोड लावा, पट्टीचं टोक धन बाजूला. २४ व्होल्ट एसीच्या कॉइलवर मात्र हा डायोड कधीच लावू नका, शॉर्ट होईल.

> सावधान: साधा वाय-फाय स्मार्ट स्विच २३० व्होल्टच बाहेर देतो. तो १२ व्होल्टच्या व्हॉल्व्हला थेट जोडला की धूर निघतो. तयार वस्तू घ्यायची तर ‘ड्राय कॉन्टॅक्ट’ असलेलीच (स्वतः वीज न देता नुसती जोडणारी-तोडणारी) घ्या.

टप्पा ६: बंद करायचं काम यंत्राकडेच

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी रत्नागिरीला होतो. सकाळी चहा पिताना मोबाईलवर होम असिस्टंटचं अपडेट दिसलं. दाबलं. ते रीस्टार्ट झालं, मी आंबे खायला बसलो. दुपारी साडेतीनला खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन: ‘अरे, तुमच्या पन्हाळीतून सकाळपासून पाणी पडतंय.’ सहाला उघडलेला व्हॉल्व्ह तसाच होता आणि टाकीत जेमतेम दोनशे लिटर उरले होते.

चूक माझीच. ऑटोमेशन असं लिहिलं होतं: सहा वाजता उघड, सतरा मिनिटं थांब, बंद कर. ‘थांब’ सुरू असताना होम असिस्टंट रीस्टार्ट झालं तर ते ऑटोमेशन तिथेच मरतं. ‘बंद कर’ ही ओळ कधी येतच नाही.

म्हणून बंद होण्याची अट रिले चालवणाऱ्या यंत्रातच घाला. ईएसपी ३२ या छोट्या वाय-फाय कंट्रोलर बोर्डावर ईएसपीहोम (त्यात घालायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर स्विचच्या व्याख्येत दोन गोष्टी: रिस्टोअर मोड ‘ऑलवेज ऑफ’, म्हणजे वीज जाऊन आली की व्हॉल्व्ह बंदच, आणि चालू झाल्यावर पंचवीस मिनिटांनी स्वतःहून बंद. होम असिस्टंटने सतराव्या मिनिटाला बंद केलं तर छान, नाही केलं तर पंचविसाव्याला यंत्र करतं. तयार स्मार्ट रिलेत हीच सोय ‘इंचिंग’ किंवा ‘ऑटो ऑफ’ नावाने असते. ती ॲपच्या शेड्यूलमध्ये नव्हे, यंत्राच्या सेटिंगमध्ये शोधा, आणि वीज आल्यावरची स्थिती ‘ऑफ’ ठेवा.

ईएसपी ३२ च्या पिना निवडताना: २५, २६, २७ रिलेसाठी ठीक. ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या, त्यांच्यावर रिले चालणारच नाही. ०, २, १२, १५ टाळा, सुरू होताना गोंधळ घालतात. रिले बोर्ड उलट्या संकेतावर चालणारा असेल तर ‘इन्व्हर्टेड’ लिहायला विसरू नका.

वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचंच लागतं. जिन्याच्या खोलीत सिग्नल उणे ७० डीबीएमपेक्षा खाली जात असेल, म्हणजे उणे ७५, उणे ८०, तर आधी राउटर हलवा. आठवड्यातून एकदा तुटणारं कनेक्शन शोधणं हे फार चिडचिडीचं काम आहे.

> तपासा: व्हॉल्व्ह उघडा आणि ॲडॅप्टरचा प्लग उपटा. पाणी थांबलं पाहिजे. प्लग परत लावा. पाणी सुरू होता कामा नये.

टप्पा ७: आता होम असिस्टंट

आधी तीन हेल्पर (होम असिस्टंटमध्ये आपण बनवायची बटणं आणि आकडे) करा: ‘बाग चालू’ हे टॉगल, ‘मिनिटं’ हा आकडा (कमाल वीस, म्हणजे चुकून दोनशे टाइप होणार नाही), आणि हवं तर ‘पावसाळा’ हे दुसरं टॉगल. मग ऑटोमेशन: साडेपाच आणि सव्वासहा या दोन वेळा, अट अशी की ‘बाग चालू’ असावं आणि ‘पावसाळा’ नसावा, कृती म्हणजे उघडणं, तितकी मिनिटं थांबणं, बंद करणं.

दुसरं स्वतंत्र ऑटोमेशन पहाऱ्याचं: व्हॉल्व्ह सलग बावीस मिनिटं चालू दिसला तर बंद कर आणि फोनवर सूचना पाठव. तिसरं: सकाळी सातला, आज व्हॉल्व्ह एकदाही उघडला नसेल तर सूचना. हे तिसरं लोक विसरतात. पाणी जास्त गेलं तर शेजारी सांगतात, गेलंच नाही तर रोपं वाळल्यावर कळतं.

वेळ तपासा. कंट्रोलरमध्येच वेळापत्रक ठेवलं असेल आणि टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ केला नसेल, तर सकाळी सहाचं पाणी साडेअकराला सुटतं. ‘ॲप बरोबर दाखवतंय पण वेळ चुकतेय’ ही तक्रार बहुधा याच साडेपाच तासांची असते. अशा वेळी ईएसपीहोमच्या एपीआयचा (होम असिस्टंटशी असलेल्या जोडणीचा) रीबूट टाइमआउटही शून्य करा, नाहीतर होम असिस्टंट बंद असताना यंत्र दर पंधरा मिनिटांनी स्वतःला रीस्टार्ट करत बसतं.

हवामानाच्या अंदाजावर पाणी रद्द करायचं ऑटोमेशन मी केलं होतं आणि काढून टाकलं. अंदाज शहराचा असतो, पाऊस कोथरूडला पडतो आणि हडपसर कोरडं राहतं. जूनमध्ये पाऊस नीट लागला की टॉगल दाबायचं, इतकं पुरतं. फक्त सप्टेंबरअखेरची एक आठवण कॅलेंडरला लावून ठेवा. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि टॉगल तसंच राहिलं, तर कुंड्या चार दिवसांत माना टाकतात.

टप्पा ८: सेन्सर, हवेच असतील तर

महिनाभर सगळं नीट चाललं की मगच. मातीत खुपसायचे दोन काट्यांचे स्वस्त सेन्सर घेऊ नका, काही आठवड्यांत काटे गंजून जातात. कपॅसिटिव्ह (उघडे धातूचे काटे नसलेले) घ्या, आणि वरच्या रेघेच्या पलीकडे उघड्या असलेल्या इलेक्ट्रॉनिक्सला इपॉक्सी किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या. ईएसपी ३२ वर तो ३२ ते ३९ मधल्या पिनेवरच लावा. वाय-फाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या ॲनालॉग पिना वाचता येत नाहीत. कोरड्या मातीला आकडा जास्त आणि ओल्या मातीला कमी, हे उलटं वाटलं तरी बरोबर आहे. ‘कोरडं’ आणि ‘ओलं’ हे आकडे पेल्यातल्या पाण्यात नाही, तुमच्याच कुंडीतल्या मातीत घ्या.

सेन्सरला अधिकार एकच द्या: आजचं पाणी रद्द करण्याचा. सुरू करण्याचा नाही. एका कुंडीतला सेन्सर मुंगीने माती पोखरल्यामुळे हवेत लटकला तर तो छत्तीस कुंड्यांना दिवसभर पाणी पाजत बसेल.

फ्लो मीटर (वाहणारं पाणी मोजणारा) घेताना तुमचा ताशी आकडा काढा. सर्रास मिळणारा वायएफ-एस२०१ मिनिटाला एक ते तीस लिटरसाठी आहे. वीस ड्रिपरची बाग मिनिटाला ०.६ लिटर घेते, तिथे तो शून्यच दाखवेल.

टप्पा ९: गावाला जाण्याआधी

निघण्याच्या पाच दिवस आधीपासून कुंड्यांना हात लावायचा नाही. घरात असूनही नसल्यासारखं वागा. या पाच दिवसांत मुद्दाम तीन खोड्या काढा: पाणी चालू असताना राउटर बंद करा, दुसऱ्या दिवशी होम असिस्टंट रीस्टार्ट करा, तिसऱ्या दिवशी मेन स्विच पाडा. तिन्ही वेळा पाणी पंचवीस मिनिटांच्या आत थांबलं पाहिजे.

मी आता बाहेर जाताना बाग मुख्य टाकीवरून काढून त्याच स्टँडवर ठेवलेल्या दोनशे लिटरच्या ड्रमवर घेतो. दिवसाला अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे चार दिवस निघतात, आणि काहीही बिघडलं तरी दोनशे लिटरच्या वर नुकसान नाही. ड्रमची पातळी टाकीपेक्षा कमी असल्याने धार बारीक होते, त्यामुळे बाटलीची चाचणी पुन्हा घ्यावी लागते.

पितळी तोटीला लाल रंगाचा पट्टा मारा आणि खालच्या काकूंना एकदा वर नेऊन दाखवा की पाइपला आडवी म्हणजे बंद.

देखभाल

फिल्टरची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरा. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी फुंकून बघा, फुंकर आरपार गेली नाही तर तो फेकून नवा लावा. बाटलीची चाचणी दर तीन महिन्यांनी. पावसाळ्यात व्हॉल्व्ह महिनाभर पडून राहिला तर बॉल चिकटतो, म्हणून आठवड्यातून एकदा मिनिटभर उघड-मीट करणारं एक छोटं ऑटोमेशन लावून ठेवा, ‘पावसाळा’ टॉगल चालू असलं तरी चालेल असं.